ध्वनिमुद्रण अभियंता आणि संगीत संयोजक : एका व्यवसायाची वाटचाल

एखादे गीत लोकांच्या ओठी रुळते तेव्हा गायकाचे, संगीत दिग्दर्शकाचे आणि गीतकाराचे नाव आदराने घेतले जाते. तो आवाज ज्याने टिपला, वाद्यांचा मेळ ज्याने बसविला आणि श्रोत्यांच्या कानी पडेल असे अंतिम रूप ज्याने त्यास दिले, त्याचे नाव मात्र श्रेयनामावलीच्या अखेरीस येते. असे असले तरी चित्रपट, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, ध्वनिमुद्रिका आणि आताची महाजालावरील प्रसारणे या सर्वांचा पाया त्याच्याच कामावर उभा आहे. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थी आज या व्यवसायाकडे आकृष्ट होत आहेत. घरच्या संगणकावर गीत तयार करणारा मुलगा आता तालुक्याच्या गावीही आढळतो. हा व्यवसाय नेमका कोणता, तो कसा शिकला जातो आणि त्यातील धोके कोणते, याची माहिती नसल्याने कित्येकांचा पैसा व उमेदीची वर्षे वाया जातात. यास्तव शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी या विषयाची मूलभूत माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

कर्ण्यापासून ध्वनिफितीपर्यंत

भारतात व्यापारी स्वरूपाच्या ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ साली झाला. त्या वर्षी लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गोहरजान यांच्यासह अनेक कलावंतांचे गायन मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, त्या आवाजाच्या कंपनांनी सुई हालावयाची आणि मेणाच्या तबकडीवर खाच पडावयाची, अशी ती पद्धत होती. अवघ्या काही मिनिटांत गायन संपवावे लागे. तबकड्या पुढे जर्मनीत हॅनोव्हर येथील कारखान्यात जात. तेथील कामगारांना गायिका कोण हे कळावे म्हणून गायनाच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव उच्चारीत. मुद्रणाबरोबर नाव नोंदविण्याची ही शिस्त या व्यवसायाचा पहिला धडा होय. तिचे महत्त्व पुढे दिसून येईल.

१९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि मायक्रोफोनमुळे हळुवार आवाजही टिपणे शक्य झाले. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट प्रकाशित झाले. आरंभीच्या बोलपटांत नटाला कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे लागे. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स या संस्थेने १९३५ च्या ‘धूप छाँव’ या चित्रपटात गीत आधी मुद्रित करून नंतर त्यावर चित्रण करण्याची पद्धत अवलंबिली. या चित्रपटाचे ध्वनिमुद्रक मुकुल बोस होते. या एका बदलामुळे गायक आणि नट यांची कामे वेगळी झाली, पार्श्वगायन हा व्यवसाय जन्मास आला आणि ध्वनिगृहास स्वतंत्र स्थान लाभले.

त्यानंतर चुंबकीय ध्वनिफीत आली. तथापि बराच काळ सर्व आवाज एकाच पट्टीवर मुद्रित होत असत. मुंबईच्या ध्वनिगृहांत गायक, कोरस आणि पन्नास-साठ वादक एकाच वेळी हजर असत. एका वादकाची चूक झाली तरी संपूर्ण गीत पुन्हा आरंभापासून घ्यावे लागे. कोणता वादक कोठे बसावा, मायक्रोफोन किती अंतरावर असावा, गायिकेचा आवाज वाद्यांच्या वर किती राहावा, याचा निर्णय ध्वनिमुद्रकाला मुद्रण होत असतानाच घ्यावा लागे. मागाहून दुरुस्तीस वाव नव्हता. पुढे अनेक पट्ट्यांवर स्वतंत्र मुद्रण करण्याची सोय झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे काम संगणकावर आले.

कोल्हापूर–पुण्याचा वारसा

या कलेच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे एक भागीदार विष्णुपंत दामले यांनी प्रभातच्या बोलपटांच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी स्वीकारली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करीत ते या क्षेत्रात तयार झाले होते. ध्वनिमुद्रण शिकविणारी शाळा त्या वेळी देशात नव्हती. यंत्र समोर ठेवून आणि चुका सुधारीत त्यांनी ही विद्या आत्मसात केली. त्यांनी शेख फत्तेलाल यांच्यासह दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात गौरव झाला.

प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यास आली. पुढे ती बंद पडल्यावर तिच्याच आवारात १९६० साली केंद्र सरकारने चित्रपट प्रशिक्षणाची संस्था स्थापन केली. आजची भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था ती हीच. जेथे दामले स्वतः धडपडून शिकले, तेथेच ध्वनिमुद्रणाचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. मुंबईत परळ येथील राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी संवाद, संगीत व इतर आवाज यांच्या अंतिम संमिश्रणाच्या कामात असे नाव मिळविले की अन्य प्रांतांतील दिग्दर्शकही त्यांच्याकडे येत.

संगीत संयोजक : गावच्या शाळेतून ध्वनिगृहात

ध्वनिमुद्रकाइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे संगीत संयोजक. संगीत दिग्दर्शक चाल बांधतो. त्या चालीस वाद्यांचा साज चढविणे, मधल्या जागांचे संगीत रचणे आणि प्रत्येक वादकासाठी स्वरलिपी लिहून देणे हे संयोजकाचे काम. हिंदी चित्रपटसृष्टीत हे काम प्रदीर्घ काळ गोमंतकीय वादकांनी सांभाळले. याचे कारण गोव्याच्या गावोगावच्या चर्चशी संलग्न शाळांत सापडते. तेथे लहान मुलांना स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिन वाजविणे शिकविले जाई. माजोर्डे येथील अँथनी गोन्साल्विस असेच घडले. ते मुंबईस येऊन चित्रपटसंगीतात वादक व संयोजक झाले. लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. सबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर–जयकिशन यांच्या कित्येक गीतांचे संयोजन केले. महाराष्ट्राचे अनिल मोहिले हेही नामवंत संयोजक होते. अरुण पौडवाल यांच्या साथीने ‘अनिल–अरुण’ या नावाने त्यांनी मराठी चित्रपटांना संगीतही दिले.

गावातील प्राथमिक संगीतशिक्षणाने एका पिढीला केवढा मोठा व्यवसाय मिळवून दिला, याचे हे बोलके उदाहरण आहे. आज ‘म्युझिक प्रोड्यूसर’ या नावाने ओळखली जाणारी व्यक्ती पुष्कळ अंशी याच संयोजकाची वारसदार होय. फरक इतकाच की पूर्वी कागदावर स्वरलिपी लिहून साठ वादकांकडून जे वाजवून घ्यावे लागे, त्यातील बराच भाग ती आता संगणकावर एकटी सिद्ध करते. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी घराच्या आवारातील स्वतःच्या ध्वनिगृहात ‘रोजा’ (१९९२) या चित्रपटाचे संगीत सिद्ध केले. तेव्हापासून मोठ्या वाद्यवृंदावाचूनही उत्तम दर्जाचे काम होऊ शकते ही जाणीव देशभर पसरली. तरीही त्यांच्या अनेक कामांत एच. श्रीधर यांच्यासारखा निष्णात ध्वनिअभियंता बरोबर होताच. यंत्र स्वस्त झाले म्हणून कानाची गरज संपली नाही, हे यावरून ध्यानात यावे.

पायरीपायरीने शिकण्याची रीत

ही विद्या पूर्वी कशी शिकविली जाई याचा नमुना म्हणून लंडनच्या ई. एम. आय. कंपनीच्या ॲबे रोड येथील ध्वनिगृहाचे उदाहरण घेता येईल. तेथे आलेल्या तरुणाला प्रथम ध्वनिफितींची व्यवस्था आणि फीतयंत्र चालू-बंद करण्याचे साहाय्यकाचे काम मिळे. पुढे त्यास तबकडी कोरण्याच्या विभागात जावे लागे. त्यानंतरच मुख्य अभियंत्याच्या आसनावर बसण्याची संधी मिळे. जेफ एमरिक हा तरुण १९६२ साली शाळा संपताच तेथे दाखल झाला आणि याच पायऱ्या चढत १९६६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, बीटल्स या विख्यात वाद्यवृंदाचा मुख्य अभियंता झाला. १९६७ साली केवळ चार पट्ट्यांच्या यंत्रावर मुद्रित झालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेबद्दल त्यास ग्रॅमी पारितोषिक लाभले. याच वाद्यवृंदाचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी संगीत विद्यालयात रीतसर शिक्षण घेतले, १९५० साली साहाय्यक म्हणून कंपनीत प्रवेश केला आणि १९५५ साली ते एका विभागाचे प्रमुख झाले. एक यंत्राच्या बाजूने आला, दुसरा संगीताच्या बाजूने. परंतु दोघांनीही आरंभी दुसऱ्याच्या हाताखाली काम केले.

मुंबईतील ध्वनिगृहांतही अशीच उमेदवारीची पद्धत होती. मायक्रोफोन मांडणे, तारा गुंडाळून ठेवणे, फितींवर नावे घालणे आणि मुख्य ध्वनिमुद्रक काय करतो हे मुकाट्याने पाहणे, यातच पहिली दोन-तीन वर्षे जात. मोठी ध्वनिगृहे कमी झाल्यापासून ही शिडी मोडकळीस आली आहे. नवागत तरुण घरी एकटाच शिकतो. त्याची चूक दाखविणारा वडीलधारा कोणी जवळ नसतो. आजच्या होतकरू विद्यार्थ्याची खरी अडचण हीच आहे.

कामाचे स्वरूप

या व्यवसायातील कामाचे स्थूलमानाने चार टप्पे पडतात. पहिला टप्पा मुद्रणाचा. दुसरा संपादनाचा : निवडलेले भाग जोडणे व दोष काढणे. तिसरा संमिश्रणाचा : सर्व आवाजांचे परस्पर प्रमाण ठरविणे. चौथा मास्टरिंगचा, म्हणजे प्रसारणायोग्य अंतिम प्रत सिद्ध करण्याचा. चित्रपटात याखेरीज चित्रीकरणस्थळी संवाद टिपणे आणि ध्वनियोजन ही कामे येतात.

या सर्वांचा आधार शालेय भौतिकशास्त्र हाच आहे. मनुष्याचा कान साधारणपणे सेकंदास २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकतो. संगणकावर आवाज साठविताना त्याची सेकंदात हजारो वेळा मोजणी होते. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० ठरला, कारण ऐकू येणाऱ्या उच्चतम कंपनसंख्येच्या दुपटीहून तो अधिक असावा लागतो. चित्रपटासाठी सामान्यतः ४८,००० हे प्रमाण वापरतात. प्रत्येक मोजणीस २४ बिट दिल्यास दोन पट्ट्यांच्या एक तासाच्या मुद्रणास सुमारे १ गिगाबाइट जागा लागते. मोकळ्या जागेत मायक्रोफोनचे अंतर दुप्पट केले की थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, खोलीतील घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. दूर ठेवलेल्या मायक्रोफोनमधील मुद्रण विहिरीतून आल्यासारखे का वाटते, याचे उत्तर या एका नियमात आहे. इयत्ता नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग साध्या भ्रमणध्वनीवरही करून दाखविता येतो.

शिक्षणाच्या वाटा

पुण्याची संस्था आणि १९९५ साली कोलकात्यात स्थापन झालेली सत्यजित राय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था या दोन्ही ठिकाणी ध्वनीविषयक पदव्युत्तर दर्जाचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी पदवी लागते. पुण्याच्या अभ्यासक्रमास बारावीला भौतिकशास्त्र असणे ही अट ठेवण्यात आली आहे. प्रवेशपरीक्षेपूर्वी त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक पाहून घेणे श्रेयस्कर. दहावीनंतर विज्ञान शाखा सोडणाऱ्या विद्यार्थ्याची ही वाट त्याच्या नकळत बंद होऊ शकते. शिक्षकांनी ही गोष्ट वेळीच सांगितली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्स विषयातील पदविका हाही यंत्रज्ञानाचा चांगला पाया होय.

रसूल पूकुट्टी यांचा प्रवास या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. केरळमधील कोल्लम जिल्ह्यातील एका खेड्यात साधारण परिस्थितीत वाढलेल्या या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९९५ साली पुण्याच्या संस्थेतून ध्वनीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. २००५ च्या ‘ब्लॅक’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव झाले आणि २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिसंमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. शिक्षण संपल्यापासून यशापर्यंत किती वर्षे गेली हे विद्यार्थ्यांना सांगावे. सहा महिन्यांत व्यवसाय मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहण्यास तेवढे पुरेसे आहे.

खासगी अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी तपासाव्यात. प्रमाणपत्रास कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची मान्यता आहे, प्रत्यक्ष यंत्रावर प्रत्येक विद्यार्थ्यास किती तास मिळतात, एका तुकडीत विद्यार्थी किती आणि पूर्वीचे विद्यार्थी आज काय करीत आहेत, ही माहिती लेखी मागावी. ती देण्यास टाळाटाळ झाल्यास शेत गहाण ठेवून शुल्क भरण्याची घाई करू नये.

करार आणि हक्क

या व्यवसायात कायम नोकऱ्या थोड्या असून बहुतेक काम कंत्राटी स्वरूपाचे असते. त्यामुळे कायद्याचे ज्ञान आवश्यक ठरते. प्रतिलिप्याधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा ‘निर्माता’ म्हणजे ते घडवून आणण्यात पुढाकार घेणारी व त्याची जबाबदारी उचलणारी व्यक्ती किंवा कंपनी. त्या मुद्रणाचा अधिकार तिच्याकडे, प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो. ‘म्युझिक प्रोड्यूसर’ हे बिरुद लावल्याने कोणी या अर्थाने निर्माता ठरत नाही. ध्वनिअभियंत्यास तर केवळ तांत्रिक कामामुळे कोणताही प्रतिलिप्याधिकार मिळत नाही. त्याचा मोबदला व श्रेय सर्वस्वी करारावर अवलंबून असते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित झाला आहे. अधिकाराचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरी केलेले असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता, असे कायदा मानतो. नवोदिताने तोंडी शब्दावर काम स्वीकारू नये हा याचा मथितार्थ.

कानाची निगा

सुताराला हात तसे ध्वनिमुद्रकाला कान. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांहून अधिक ऐकू नये असा दंडक व्यावसायिक आरोग्यशास्त्रात पाळला जातो. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित काळ निम्म्यावर येतो : ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ उभे राहणाऱ्या तरुणाचे कान त्या हिशेबाने काही मिनिटांतच धोक्यात येतात. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास बंदी असून, निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपकाचा धंदा करणाऱ्या गावातील तरुणांना हे नियम समजावून देणे हे पंचायतीचे कर्तव्य होय.

गावाने काय करावे?

पुणे जिल्ह्यातील व आसपासच्या खेड्यांत ग्यी पॉयत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या गोळा केल्या. ही संख्या एक लाखाहून अधिक भरली. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही ओव्यांचे उत्तम ध्वनिमुद्रणही झाले. दळणाच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले आणि त्याबरोबर गाणेही थांबले. वेळेवर मुद्रण झाले नसते तर त्या आवाजांचा मागमूसही उरला नसता.

प्रत्येक गावात भारूड, गोंधळ, पोवाडा, धनगरी ओव्या आणि लग्नगीते जाणणारी वृद्ध माणसे आहेत. त्यांचे मुद्रण हे होतकरू विद्यार्थ्यासाठी उत्तम उमेदवारीचे काम ठरेल. यासाठी मोठा खर्च लागत नाही. शाळेची एक शांत खोली, खिडक्या-दारांवर टांगलेल्या जाड गोधड्या, बंद केलेला पंखा आणि गाणाऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवलेला साधा मायक्रोफोन एवढ्यावर प्रारंभ करता येतो. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक उच्चारून घ्यावा. लेखी संमती घ्यावी, कारण प्रयोग सादर करणाऱ्या कलावंतासही कायद्याने पन्नास वर्षे हक्क दिलेला आहे. मूळ प्रत न बदलता जपावी आणि निराळ्या जागी दुसरी प्रत ठेवावी. शिक्षकांनी वर्षअखेर ही मुद्रणे विद्यार्थ्यांसह ऐकून त्यांतील गुणदोषांची चर्चा करावी. मोडलेल्या शिडीची पहिली पायरी अशा रीतीने गावातच पुन्हा बसविता येईल.

असे काम दोन-तीन वर्षे करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सर्वच जण या व्यवसायात जातील असे नाही. परंतु जो जाईल त्याच्या हाती कागदी प्रमाणपत्राबरोबर ऐकण्यासारखे काम असेल, आणि जे जाणार नाहीत त्यांच्या गावाजवळ आपल्या वडीलधाऱ्यांचे आवाज जतन झालेले असतील. एका शाळेने आणि एका पंचायतीने हाती घेण्याजोगे हे काम आहे. ते जाणणारी माणसे हयात आहेत तोवरच ते होऊ शकेल.